पोराला दोन वर्षं बांधायचं का आठ? (आइस हॉकी, ब्रिज डील आणि आमचं एडमंटन)

बर्फाळ_बापू (धागाकर्ता), शनिवार ११ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकतो, हॉकी म्हणजे इथे बर्फावरची हॉकी, नाहीतर पहिले चार प्रतिसाद ध्यानचंदांवरच पडतील. एडमंटनला येऊन मला एकोणीस वर्षं झाली, पहिली काही वर्षं मी या खेळाकडे ढुंकूनही बघितलं नाही, टीव्हीवर पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) कुठे गेला तेच दिसायचं नाही. मग लेक शिकायला लागला आणि आता जानेवारीत बाहेर उणे सव्वीस असताना पहाटे साडेपाचला रिंकवर त्याच्यासमोर गुडघे टेकून मी स्केट्सच्या नाड्या आवळत असतो, बोटांवर वळ उठतात आणि तो म्हणतो "बाबा अजून घट्ट". तिथे बाकीच्या बापांबरोबर कागदी कपातली कॉफी पिताना जे कानावर पडतं त्यातलं हे ज्ञान आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

निमित्त असं की सोमवारी कॉनर मॅकडेविडनं ऑइलर्सबरोबर (एनएचएल या इथल्या मोठ्या लीगमधली आमची एडमंटनची टीम) नवा करार केला, फक्त दोन वर्षांचा, वर्षाला साडेबारा मिलियन डॉलर. आकडा तोच जो २०१७ मध्ये आठ वर्षांसाठी ठरला होता. सगळ्या गावाला आधी हुश्श झालं आणि दुसऱ्या मिनिटाला पोटात गोळा आला, दोनच वर्षं? पण तो २८ चा आहे, त्याला कप (स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद) हवाय, तो पैसे सोडतोय, ते प्रकरण वेगळं. मला बोलायचंय ते बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांच्या छोट्या करारांबद्दल. इकडे त्याला ब्रिज डील म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ ते २१ वयात सही केली की पहिला करार तीन वर्षांचाच असतो आणि मूळ पगाराला वरून झाकण असतं, बरीच वर्षं ते नऊ लाख पंचवीस हजार डॉलरचं होतं, बोनस वेगळे. हा करार संपला म्हणजे पोरगा मोकळा झाला असं नाही. वयाची २७ किंवा लीगमधली सात वर्षं, जे आधी भरेल तोवर त्याच्यावर हक्क त्याच क्लबचा. मग क्लबपुढे दोन रस्ते. एकतर आत्ताच सहा-आठ वर्षं बांधून टाका, म्हणजे फ्लॅट विकत घेतल्यासारखं. नाहीतर दोन-तीन वर्षांचा छोटा करार, म्हणजे आपलं लीव्ह अँड लायसन्स, आज भाडं कमी पण मुदत संपली की घरमालक नवा आकडा सांगणार. यात घरमालक पोरगा आहे आणि भाडेकरू क्लब, एवढं लक्षात ठेवा.

उदाहरण घरचंच देतो. एव्हन बुशार. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीनं नवी पोरं निवडतात ते) दहावा. २०२३ ला पहिला करार संपला तेव्हा ऑइलर्सकडे कॅपमध्ये (सगळ्या टीमच्या पगाराची कमाल मर्यादा) जागाच नव्हती, म्हणून दोन वर्षं, ३.९ मिलियनवर. पठ्ठ्यानं लगेच पुढच्या सीझनला डिफेन्समधून ८२ पॉइंट्स (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले, वर प्लेऑफमध्ये (कपसाठीच्या बाद फेऱ्या) २५ सामन्यांत ३२. या जूनअखेर त्याचा पुढचा करार झाला, वर्षाला १०.५ मिलियन, आणि तोही चारच वर्षांचा, म्हणजे ऐन भरात असताना तो मोकळा होणार.

माझं मत सरळ आहे, ब्रिज डील म्हणजे क्लबनं सावकाराकडून उचललेले पैसे. मी स्वतः एका कंपनीत सहा-सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर तीन वर्षं काढली आहेत, "पुढच्या वेळी नक्की पर्मनंट करू" हे पाच वेळा ऐकलं, सहाव्या वेळी दुसरीकडची ऑफर खिशात होती आणि मग त्याच लोकांनी जो आकडा पुढे केला तो बघून मला हसू आलं. आधीच दिला असता तर? तुमच्या तुमच्या टीमचं काय झालं ते लिहा.

माँट्रियलची_मावशी

बापू, सावकार म्हणालात आणि मला आमचा पीके आठवला. पी. के. सुबन. जानेवारी २०१३, लॉकआउट (क्लबमालकांची टाळेबंदी) नुकतं संपलेलं, सीझन अर्ध्याच्या आसपास उरलेला, ४८ सामने, आणि हा करार नाही म्हणून घरी बसलेला. सीझन सुरू झाल्यावर सही केली, दोन वर्षांचे मिळून पावणेसहा मिलियन. आधी सिद्ध करून दाखव मग बघू, असा सगळा सूर. त्यानं त्याच सीझनला ४२ सामने खेळून नॉरिस ट्रॉफी आणली, लीगमधला सर्वोत्तम डिफेन्समन. झालं ना सिद्ध?

मग २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण लवादापर्यंत गेलं. हा लवाद म्हणजे काय असतं माहितीये का, एका खोलीत खेळाडू बसतो आणि समोर त्याच्याच क्लबचे लोक बसून हा कसा एवढ्या पैशांचा नाही ते कागद दाखवून सांगतात. लग्नाच्या बैठकीत मुलीसमोर तिचे दोष वाचून दाखवावेत आणि मग म्हणावं चला आता सुपारी फोडू, तसलं. सुनावणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांचे ७२ मिलियन. वर्षाला ९. आधी तीनसुद्धा पडत नव्हते हो.

त्यानं पुढच्या वर्षी इथल्या मुलांच्या हॉस्पिटलला १० मिलियन डॉलर उभे करून द्यायचं जाहीर केलं, सगळं शहर त्याच्या पायाशी, आणि २०१६ च्या जूनमध्ये त्याला नॅशव्हिलला धाडला, बदल्यात शे वेबर. माझ्याकडे अजून ७६ नंबरची जर्सी आहे, नवरा म्हणतो गॅरेज पुसायला काढ. नाही काढणार.

हिशेबनीस

मावशी, जर्सी जपा, पण हिशेबाची दुसरी बाजू मांडू द्या.

पीके तो ७२ मिलियनचा करार सही करताना २५ चा होता, म्हणजे करार संपला तेव्हा ३३. शेवटची तीन वर्षं न्यू जर्सीत गेली आणि आधीचा पीके राहिला नव्हता हे त्याचे चाहतेही मान्य करतील. आता समजा २३ व्या वर्षीच आठ वर्षं बांधला असता, तर करार ३१ ला संपला असता आणि क्लबनं त्याची सगळ्यात चांगली वर्षं स्वस्तात वापरली असती. ब्रिज डीलमधला खरा तोटा हा आहे आणि लोक त्याकडे बघत नाहीत, सगळे फक्त नवा आकडा किती वाढला ते बघतात. मधे दोन वर्षं घातली की मोठा करार दोन वर्षं पुढे सरकतो, आणि पुढे म्हणजे उतारावर.

उलट उदाहरण नेथन मॅकिनन. कोलोरॅडोनं २०१६ मध्ये पहिला करार संपल्यावर थेट सात वर्षं, ६.३ मिलियन. त्या वेळी लोक म्हणाले जरा जास्तच दिले. २०२२ ला कप जिंकला तेव्हाही तो ६.३ वरच खेळत होता.

बापूंच्या बुशारचं टक्केवारीत बघा. ३.९ म्हणजे तेव्हाच्या ८३.५ मिलियन कॅपच्या पावणेपाच टक्क्यांच्या आत, आणि १०.५ म्हणजे आत्ताच्या ९५.५ च्या ११ टक्के. म्हणजे नुसतं कॅप वाढलं म्हणून पगार वाढला असं नाही, टीमच्या ताटातला त्याचा घासच दुपटीहून मोठा झाला.

टॅम्पावासी

दोघांशीही असहमत, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून दोन कप आहेत :)

निकिता कुचेरोव. दुसऱ्या राउंडमधला ड्राफ्ट, ५८ वा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सीझनच्या तोंडावर सही, तीन वर्षं, साधारण पावणेपाच मिलियन वर्षाला. पहिल्या वर्षी ४० गोल, दुसऱ्या वर्षी १०० पॉइंट्स, तिसऱ्या वर्षी १२८ आणि हार्ट ट्रॉफी. लीगचा सर्वोत्तम खेळाडू पावणेपाच मिलियनला! त्या वर्षी आम्ही ६२ मॅच जिंकलो (आणि मग पहिल्याच राउंडमध्ये कोलंबसनं चार-शून्यनं धुतलं, ते जखमेवर मीठ कोणी चोळू नका).

पुढे त्याला साडेनऊ द्यावे लागले, मान्य. पण तो साडेनऊवर गेला नेमका तेव्हा ब्रेडन पॉइंट ब्रिजवर आला, तीन वर्षं पावणेसात. २०२० आणि २०२१ चे दोन्ही कप पॉइंट त्या करारावर असताना आले आणि दोन्ही प्लेऑफमध्ये त्याचे १४-१४ गोल. मग त्यालाही साडेनऊ. एकाचं भाडं वाढलं की दुसरा स्वस्तात, भिशी फिरते तशी. बापू म्हणतात सावकाराचं कर्ज, ठीक आहे, पण कर्ज काढून विहीर खणली आणि पाणी लागलं तर?

(फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून आमच्याकडे पोरं कमी पैशात तयार होतात हा टोमणा येणारच आहे, आधीच मान्य करून टाकतो.)

टोरांटोतला_टवाळ

भिशी!! आमच्याकडे सगळ्यांनी पहिल्याच महिन्यात भिशी उचलली हो.

२०१८ ची एक डिसेंबर मला तोंडपाठ आहे. नियम असा की अशा खेळाडूनं एक डिसेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत सही केली नाही तर त्या सीझनला खेळायचंच नाही. विली नीलँडर अडून बसलेला. शनिवार होता, मंडळाच्या नाटकाची तालीम, मी नोकराचं काम करत होतो, हातात चहाचा ट्रे आणि ट्रेखाली फोन. पाचला काही मिनिटं असताना बातमी आली, सहा वर्षं, मी ट्रेसकट ओरडलो, दिग्दर्शिका बाई म्हणाल्या हे वाक्य संहितेत नाही. तोवर २८ मॅच गेल्या होत्या आणि उरलेल्या ५४ मध्ये त्याचे ७ गोल.

मग फेब्रुवारीत मॅथ्यूज, पाच वर्षं ११.६, सप्टेंबरात मार्नर, सहा वर्षं जवळजवळ ११. कोणाचाच ब्रिज नाही. आणि त्यानंतर आला कोविड, कॅप ८१.५ वर तीन सीझन गोठलं, टीममध्ये चार राजे आणि बाकी भाड्याचे शिपाई. तेव्हापासून आजवर प्लेऑफचे राउंड जिंकले किती, दोन. २०२३ चा एक आणि या वर्षीचा एक. शेवटचा कप १९६७ चा हे मीच सांगतो, तुम्ही कष्ट घेऊ नका. मार्नर तर याच उन्हाळ्यात व्हेगासला गेलासुद्धा. त्यामुळे लांबचा करार म्हणजे शहाणपणा हे मी तरी ऐकून घेणार नाही.

शंकासुर

रोचक धागा. एक बाळबोध प्रश्न, पोरगा जर त्याच क्लबला बांधलेला आहे तर त्याच्या हातात आहे काय? आणि दुसरी टीम जास्त पैसे देऊन पळवत का नाही?

बर्फाळ_बापू

शंकासुर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पळवता येतं. त्याला ऑफर शीट म्हणतात. दुसऱ्या टीमनं करार पुढे केला, पोरानं सही केली, की मूळ क्लबला सात दिवस. एकतर तेवढेच पैसे देऊन ठेवा नाहीतर सोडा आणि भरपाई म्हणून त्या टीमचे ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमध्ये पोरगा निवडायची पाळी) घ्या, आकडा मोठा तशी भरपाई मोठी, अगदी वरच्या थराला चार वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक.

ऑगस्ट २०२४. आम्ही नुकतेच फायनलची सातवी मॅच फ्लोरिडाशी २-१ हरलेलो, गाव अजून सुतकात, आणि सेंट लुईसनं एकाच दिवशी आमच्या दोन पोरांना शीट टाकली. फिलिप ब्रोबर्ग, दोन वर्षं, साधारण ४.६ मिलियन. डिलन हॉलोवे, दोन वर्षं, २.३ च्या आसपास. दोघंही आमचे पहिल्या राउंडचे. आकडे असे मोजून मापून की भरपाई एक दुसऱ्या राउंडचा पिक आणि एक तिसऱ्याचा, बस. आणि ऑइलर्सनं जुलैत मोठ्या मंडळींवर पैसे उधळून ठेवलेले. सातव्या दिवशी दोघंही गेले. हॉलोवेनं आमच्याकडे आदल्या सीझनला ३८ सामन्यांत ९ पॉइंट्स केले होते, तिकडे जाऊन ६३.

आता हे बघा, तेही करार छोटेच होते, दोनच वर्षांचे. छोटा करार क्लबच्याच सोयीचा असतो असं मला वाटायचं, तर इथे तो पोरांनी आणि दुसऱ्या क्लबनं आमच्यावर चालवलेला सुरा निघाला. माझं वरचं मत थोडं डळमळलंय, पण एवढ्यात कबूल करणार नाही.

टोरांटोतला_टवाळ

शंकासुर, ऑफर शीटचा सगळ्यात खवचट किस्सा ऐका. २०१९ ला माँट्रियलनं कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला शीट टाकली, कॅरोलायनानं पैसे भरून ठेवला. दोन वर्षांनी कॅरोलायनानं उट्टं काढलं, माँट्रियलच्या २१ वर्षांच्या कोटकानिएमीला एकाच वर्षाचा करार, ६१,००,०१५ डॉलर. शेवटचे १५ कशाला, तर त्याचा जर्सी नंबर १५. आणि सायनिंग बोनस किती? २० डॉलर. आहोचा नंबर २०. मावशी, सॉरी हां.

माँट्रियलची_मावशी

हसा. पण पुढचंही सांगा की, मग त्याच पोराला त्यांनी आठ वर्षं ४.८ नं बांधलं आणि आता बोलायला तोंड नाही. आम्हाला पहिल्या राउंडचा पिक मिळाला तो वेगळा.

उगाच_खवचट

एकूण काय, कोणाला चार मिलियन मिळावेत की दहा याची चिंता आपण एचवनबी आणि वर्क परमिटवाले करतोय. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोलीची_आई

खवचटराव, चिंता करायचीच असेल तर पोरींची करा. माझी मुलगी गोली (गोलकीपर) आहे, बारा वर्षांची, ते पॅड्स घालून दारातून आडवी बाहेर पडते, गाडीत सामानाचा वास असा की हिवाळ्यातही काचा खाली कराव्या लागतात. तिला प्रो व्हायचंय. २०२४ च्या जानेवारीत बायकांची पीडब्ल्यूएचएल सुरू झाली तेव्हा आम्ही करार उघडून वाचला, मायलेकी दोघी. किमान पगार ३५ हजार डॉलर. मिलियन नाही, हजार. प्रत्येक टीमनं निदान सहा जणींना तीन वर्षांचा करार आणि किमान ८० हजार द्यायचे असं कलम आहे, बाकीच्यांचं जमेल तसं, एक वर्ष, दोन वर्षं.

तिथे एक वर्षाचा करार म्हणजे स्वतःवर लावलेली पैज नसते हो, तिथे पुढच्या सप्टेंबरला घर कुठल्या शहरात घ्यायचं तेच माहीत नसतं. लीग सहा टीमची होती, आता व्हॅनकुव्हर आणि सिॲटल धरून आठ झाल्या, त्या दोन टीम भरायला जुन्या टीममधून पोरी उचलल्या. लेक विचारते आई ३५ हजारात भाडं निघतं का टोरांटोत. मी म्हटलं तू आधी डावीकडचे पक अडव.

फ्लेम्सग्रस्त

कॅलगरीहून लिहितोय, हात थरथरतायत कारण विषयच तसा आहे. मॅथ्यू कचक.

२०१९ ला त्याच्याशी तीन वर्षांचा ब्रिज केला, सरासरी ७ मिलियन. सगळे म्हणाले वा काय सौदा. आता बारीक अक्षर वाचा. सरासरी ७ पण शेवटच्या वर्षाचा पगार ९. आणि नियम असा की हक्क टिकवायचा तर क्लबनं शेवटच्या वर्षाच्या पगारावर बेतलेली ऑफर द्यायची. म्हणजे २०२२ ला त्याची नुसती सुरुवातच ९ पासून. एका वर्षाचे ९ घ्या आणि २०२३ ला मोकळे व्हा, हा रस्ता त्याच्या एजंटनं तीन वर्षं आधी बांधून ठेवला होता. क्लबसाठी ब्रिज आणि पोरासाठी बाहेर पडायचा फ्लायओव्हर.

त्या सीझनला त्यानं १०४ पॉइंट्स केले आणि मग सांगितलं की लांबचा करार इथे करणार नाही. जुलैत फ्लोरिडाला. तिथे आठ वर्षं, साडेनऊ. त्यानंतर फ्लोरिडा तीन वेळा सलग फायनलला, दोन कप, आणि दोन्ही कोणाला हरवून ते बापूंना विचारा.

आम्हाला बदल्यात ह्युबर्डो मिळाला, आधीच्या सीझनला ११५ पॉइंट्सवाला. त्याला आम्ही घाबरून लगेच आठ वर्षं १०.५ नं बांधलं. पुढच्या सीझनला पॉइंट्स थेट ५५ वर. म्हणजे एकाला छोटा करार देऊन फसलो आणि त्याच उन्हाळ्यात दुसऱ्याला मोठा देऊन. सांगा आता कुठलं तत्त्व लावू.

नंतर नियम बदलला म्हणा, नव्या करारांना ती ऑफर सरासरीच्या १२० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे हा फ्लायओव्हर आता बराच बुजवलाय. आमचा पाय मोडल्यावर खड्डा भरला.

बर्फाळ_बापू

विचारू नका. २०२४ आणि २०२५. दोन्ही वेळा आम्हीच.

खडकीचा_खंड्या

खडकीत वाढलो, धनराज पिल्लेच्या गल्ल्या, त्यामुळे गवतावरची हॉकी सोडून बोलायला जीव होत नाही, माफ करा. पण तुमचं वाचून मनात आलं की आपल्याकडे हा प्रश्नच वेगळा आहे. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली त्याचा लिलाव गेल्या वर्षी झाला, हरमनप्रीत ७८ लाख, सगळ्यात महाग. तो सीझन काही आठवड्यांचा. पण आपल्या पोरांना चिंता त्या कराराची नसतेच, त्यांची भाकरी रेल्वेत, पेट्रोलियम कंपन्यांत, पोलिसांत. नेहरूनगरला ध्यानचंद स्टेडियमवर संध्याकाळी पोरं बघतो, आई-बाप विचारतात ते एवढंच, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागेल का. लीगचा करार म्हणजे दिवाळीचा बोनस. तुमच्याकडे बावीस वर्षांचा पोरगा आठ वर्षांची नोकरी नको, दोनच द्या म्हणतो हे वाचून इथल्या बापांना घेरी येईल.

पावसाळी_पेंगा

व्हॅनकुव्हर रिपोर्टिंग. एलियास पेटरसन. २०२१ ला तीन वर्षांचा ब्रिज, ७.३५. मधे १०२ पॉइंट्सचा सीझन टाकला, २०२४ च्या मार्चमध्ये आठ वर्षं ११.६. आणि त्या कराराच्या पहिल्याच वर्षी ६४ सामन्यांत ४५ पॉइंट्स. अजून सात वर्षं बाकी.

ब्रिजचा फायदा काय सांगतात, तर पोरगा खरा कसा आहे ते कळायला वेळ मिळतो. आम्ही तीन वर्षं मन लावून बघितला हो. सगळं बघून, पारखून, मग घेतला.

हिशेबनीस

पेंगा, तुमच्यासाठी एक मिनिट शांतता.

टॅम्पावासींनी मांडलेलं बरोबर आहे पण अर्धं. २०१९ ला छोटा करार करणाऱ्या पोरांचा हिशेब असा होता की टीव्हीचे पैसे वाढणार, कॅप वर जाणार, तीन वर्षांनी परत टेबलावर बसू. ते कॅपच गोठलं. म्हणजे छोटा करार घेताना पोरगा नुसती स्वतःच्या खेळावर पैज लावत नसतो, लीगच्या धंद्यावरही लावत असतो, कारण खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या निम्मा ठरलेला आहे आणि कॅप त्यावरून निघतं. त्या वर्षी पैज चुकली.

आता बरोबर उलटी हवा आहे. पुढच्या सीझनचं कॅप १०४ मिलियन आणि त्यापुढचं ११३.५ असं लीगनं आधीच सांगून टाकलंय. असं असताना आज आठ वर्षांवर सही कोण करेल? बुशारनं चार घेतली ती यासाठीच. मॅकडेविडचे १२.५ हे २०१८ ला कॅपच्या पावणेसोळा टक्के होते, पुढच्या वर्षी बारा. वर परत पुढच्या सप्टेंबरपासून नवीन नियम, स्वतःच्या क्लबबरोबर जास्तीत जास्त सात वर्षं, दुसऱ्याबरोबर सहा. एजंट लोक मजेत आहेत.

म्हणून मला वाटतं ब्रिज चांगला का वाईट या प्रश्नात दम नाही. बचत झालेल्या पैशात टॅम्पानं काय केलं आणि इतरांनी काय केलं ते बघा. बुशार ३.९ वर खेळत होता ती दोन्ही वर्षं ऑइलर्स फायनलला होते, हे बापू स्वतःच्या लेखात लिहायला विसरले.

बर्फाळ_बापू

विसरलो नाही, लिहवलं नाही.

हिशेबनीस, एक मात्र सांगतो, तुमच्या सगळ्या गणितात दुखापत कुठे आहे? दोन वर्षांच्या करारावरच्या पोराचा गुडघा दुसऱ्या वर्षी गेला तर त्याच्या हातात काय राहतं? आमच्या रिंकवर एक माणूस स्केट्सना धार लावून देतो, पन्नाशीचा असेल, खाली मायनर लीगमध्ये काही सीझन खेळलेला, सगळे करार एकेका वर्षाचे. खांदा दोनदा निखळला, तिसऱ्या उन्हाळ्यात फोन वाजला नाही. एवढंच सांगतो तो, तक्रार नाही करत, धारेचं मशीन चालू करतो आणि मग पुढचं ऐकूच येत नाही.

त्यामुळे क्लबच्या बाजूनं माझं म्हणणं तुम्ही खोडलंत, ठीक. पण पोराचा बाप म्हणून विचाराल तर आठ वर्षं घे आणि सही करून घरी ये, असंच मी सांगेन.

टॅम्पावासी

बापू, तुमच्या लेकाला अजून नाड्या बांधता येत नाहीत, एजंट कशाला नेमताय :))

गोलीची_आई

बापूंना +१. खांदा वाचून पोटात कालवलं.

शंकासुर

सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. अवांतर: आमचा सहा वर्षांचा यंदा पहिल्यांदा जातोय, स्केट्स एक नंबर मोठे घेऊ का, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतील?

बर्फाळ_बापू

अजिबात नको. घोटा आत हलतो, पोरगं उभंच राहू शकत नाही आणि मग खेळच नको म्हणतं. जुन्या सामानाच्या दुकानात जा, मापाचे घ्या, एप्रिलमध्ये परत देऊन टाका. आणि नाड्या मेणाच्या घ्या, सुटत नाहीत.